बेबी मॉनिटर म्हणतो बाळ रात्रभर जागं, घरचे म्हणतात झोपलेलं: रोज सकाळच्या या गोंधळाचं काय करायचं

तक्रार बहुतेक घरांत एकाच धाटणीची असते. बाळ सहा-सात महिन्यांचं. रात्री दहाला झोपलं, मधे दोनदा दूध प्यायलं, सकाळी हसत उठलं. आईने फोन उघडला तर अ‍ॅपमध्ये लाल पट्ट्याच पट्ट्या: नऊ वेळा जाग, एकूण झोप साडेपाच तास, झोपेचा दर्जा ‘कमी’. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. बाबा उपकरण रीसेट करतात, आजी म्हणतात काढून टाका ते, आणि आई दिवसभर मनात हिशोब मांडत राहते की आपल्या बाळाची झोप पुरत नाहीये.

नात्यातल्या आणि आमच्या सोसायटीतल्या बऱ्याच घरांत हे मॉनिटर बसवायला मी मदत केली आहे, त्यामुळे ही तक्रार माझ्या चांगल्या ओळखीची आहे. आधीच झोपेला मुकलेल्या बाईला एका आकड्याने घाबरवावं, हे मला अजिबात पटत नाही. म्हणून कारणं कोणत्या क्रमाने शोधायची ते इथे सविस्तर लिहिते. रीसेट सगळ्यात शेवटी करा. त्याने जुन्या रात्रींची नोंद बऱ्याचदा पुसली जाते आणि तपासायला हातात काही उरत नाही.

यंत्र नक्की मोजतं काय

घरगुती मॉनिटर साधारण तीन जातींचे असतात. एक, नॅनिटसारखा वरून बघणारा कॅमेरा, जो चित्रातली हालचाल ओळखतो. दोन, गादीखाली ठेवायची पट्टी किंवा लंगोटाला लावायची क्लिप, जिला पोटाची हालचाल कळते. तीन, आउलेटसारखा पायातला मोजा, जो त्वचेवर प्रकाश टाकून नाडी आणि रक्तातला ऑक्सिजन मोजतो.

झोप खऱ्या अर्थाने मोजायची तर डोक्याला इलेक्ट्रोड लावून मेंदूच्या लहरी, डोळ्यांची हालचाल, श्वास आणि स्नायूंचा ताण एकाच वेळी टिपावा लागतो. त्या तपासणीला पॉलिसोम्नोग्राफी म्हणतात आणि ती रुग्णालयात होते. घरातलं यंत्र मेंदूपर्यंत पोचत नाही. ते मुख्यतः हालचालीवरून अंदाज बांधतं: हललं की जागं, स्थिर असलं की झोपलेलं. मनगटाला किंवा घोट्याला हालचालमापक बांधून झोपेचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांना या पद्धतीची खोट जुन्या काळापासून माहीत आहे. झोप ओळखायला ती बरी, जाग ओळखायला कच्ची. निवांत पडून पंख्याकडे टक लावून बघणारं बाळ तिच्या लेखी झोपलेलं, आणि झोपेत हातपाय झाडणारं बाळ जागं.

एवढं पक्कं डोक्यात बसलं की पुढचा शोध सोपा होतो. अ‍ॅपमधली प्रत्येक लाल पट्टी म्हणजे ‘काहीतरी हललं’. काय हललं, ते आपण शोधायचं.

आधी रिकाम्या गादीची चाचणी

ही चाचणी मी प्रत्येक घरात पहिल्यांदा करायला लावते. दुपारी, बाळ आजीच्या मांडीवर असताना, पडदे ओढून खोली अंधारी करा. पंखा रात्री असतो त्याच वेगावर, मच्छरदाणी रात्रीसारखीच लावलेली, दुपटं गादीवर पसरलेलं. मॉनिटर चालू करून अर्धा तास खोलीबाहेर जा.

कॅमेऱ्याने या अर्ध्या तासात हालचाल नोंदवली, तर ती बाळाची नाही हे उघड आहे. गादीखालच्या पट्टीची गंमत उलटी असते. बाळ नसताना तिने काही सेकंदांतच ‘हालचाल नाही’ म्हणून गजर द्यायलाच हवा. तो दिला नाही, तर पट्टीला पंख्याची किंवा शेजारच्या कूलरची थरथर जाणवते आहे आणि तिलाच ती बाळाचा श्वास समजते आहे. हा दोष झोपेच्या आकड्यापेक्षा कितीतरी गंभीर आहे. अशी पट्टी लाकडी फळीसारख्या कडक, सपाट पायावरच ठेवावी लागते. खाली कापसाची मऊ गादी किंवा स्प्रिंगचा पलंग असेल तर ती नीट काम करत नाही, आणि बहुतेक पट्ट्यांच्या माहितीपुस्तिकेत हे लिहिलेलं असतं.

पंखा, मच्छरदाणी, पाळणा, आणि शेजारी झोपलेली आई

ही उपकरणं ज्या घरांसाठी बनली तिथे बाळ वेगळ्या कठड्याच्या पलंगावर एकटं झोपतं, डोक्यावर पंखा नसतो आणि मच्छरदाणीचा प्रश्नच येत नाही. आपल्या खोलीत बाळ सोडून इतर बरंच काही हलत असतं.

मच्छरदाणीचा त्रास दुहेरी आहे. पंख्याच्या वाऱ्याने ती फडफडते, आणि कॅमेऱ्याला ती बाळापेक्षा जवळ असल्यामुळे चित्रात मोठी दिसते. शिवाय रात्री कॅमेरा इन्फ्रारेड दिव्यांच्या उजेडात बघतो. पांढरी जाळी तो उजेड परत भिंगाकडे फेकते, चित्र दुधाळ होतं आणि त्या धुरकट चित्रात यंत्र नुसता तर्क करत बसतं. छत्रीसारखी उघडणारी छोटी मच्छरदाणी असेल तर कॅमेरा थोडा दूर आणि तिरका लावून बघा, म्हणजे जाळीवरून परतणारा उजेड थेट भिंगात येत नाही. काही कॅमेऱ्यांत इन्फ्रारेड दिवे बंद करता येतात. तसं असेल तर ते बंद करून जाळीच्या पलीकडच्या कोपऱ्यात मंद पिवळा झिरोचा बल्ब ठेवा. चित्र बऱ्याचदा लगेच निवळतं. संपूर्ण पलंगाची मोठी मच्छरदाणी असेल तर कॅमेरा आत घेण्याचा मोह होतो. पण त्याची वायर बाळापासून कमीत कमी १ मीटर लांब आणि भिंतीला पक्की बांधलेली असलीच पाहिजे. वायर गळ्याभोवती गुंडाळली जाण्याचा धोका खरा आहे. त्यापुढे झोपेच्या आलेखाला काडीची किंमत नाही.

पंख्यासाठी दोन गोष्टी करा. अ‍ॅपमध्ये हालचाल बघण्याचा चौकोन आखता येत असेल तर तो बाळाच्या जागेपुरताच आखा, आणि संवेदनशीलता एक पायरी खाली आणा. दुपट्याचं सुटं टोक, खिडकीचा पडदा, दोरीवर वाळणारे लंगोट हे सगळं चौकोनाबाहेर गेलं पाहिजे. सुटी पांघरुणं तर बाळाजवळ नसलेलीच बरी, सुरक्षिततेसाठीही.

पाळणा आणि झोळी यांच्यापुढे मात्र हात टेकावे लागतात. झोका चालू असताना कॅमेरा, पट्टी, क्लिप सगळेच गोंधळतात. मोज्याचंही वाचन डळमळतं. दुपारची झोप पाळण्यात होत असेल तर त्या वेळी मॉनिटर बंदच ठेवा आणि झोपेची वेळ अ‍ॅपमध्ये हाताने भरा. रात्रीच्या लांब झोपेसाठी झोळी नको असं मी आग्रहाने सांगते, आणि त्यामागे मॉनिटरपेक्षा मोठं कारण आहे: झोळीत बाळाची हनुवटी छातीवर टेकू शकते आणि श्वासाला अडथळा येतो. लहान बाळाला कडक, सपाट जागेवर पाठीवरच झोपवावं.

आता आईचा मुद्दा. बाळ कुशीत असेल तर गादीखालची पट्टी आईचाच श्वास मोजत असते, त्यामुळे तिचा गजरही निरुपयोगी आणि आकडेही. कॅमेऱ्यात आईचा हात, कूस बदलणं, आडवं होऊन पाजणं हे सगळं बाळाच्या खात्यात ‘जाग’ म्हणून जमा होतं. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची २०२२ची शिफारस अशी की किमान पहिले ६ महिने बाळ आई-बाबांच्याच खोलीत पण स्वतःच्या वेगळ्या जागेवर झोपावं. पलंगाला लागून बाळाचा छोटा पलंग ठेवला तर हे आपल्याकडच्या लहान खोलीतही जमतं, पाजणंही सोपं राहतं, आणि मॉनिटरला कोण बाळ आणि कोण आई हे कळतं.

पायातला मोजा असेल तर

याच्या तक्रारी वेगळ्या: मधेच ‘संपर्क तुटला’, ‘नाडी सापडत नाही’, किंवा ऑक्सिजनचा आकडा अचानक खाली आणि मध्यरात्री गजर. ज्या घरांत मी गेले तिथे कारण बहुतेक वेळा बाळाच्या पायावरच सापडलं.

संध्याकाळच्या मालीशचं तेल पायावर राहिलेलं असतं, मोजा त्यावर घसरतो आणि प्रकाश नीट आत शिरत नाही. पाय साबणाने धुऊन पूर्ण कोरडा करा, सेन्सरची काचही मऊ फडक्याने पुसा. तळपायाला काजळाची तीट लावायची पद्धत अनेक घरांत आहे. काजळ प्रकाश शोषून घेतं, त्यामुळे सेन्सरच्या जागी तीट नको. ती दुसऱ्या पायाला लावा, आजींचंही मन राहील. वाळे आणि काळा दोरा मोज्याखाली दाबले जात असतील तर तेही त्या पायातून काढा. पाय गार असेल तर त्यात रक्त कमी खेळतं आणि सेन्सरला नाडी मिळत नाही. वरून साधा सुती मोजा घाला. पाय रोज बदला, म्हणजे एकाच जागी वळ पडत नाहीत. बाळ वाढलं की मोज्याचं माप बदलायचं राहून जातं, तेही बघा.

आणखी एक गोष्ट गांभीर्याने घ्यावी. प्रकाशाने ऑक्सिजन मोजणारी उपकरणं सावळ्या त्वचेवर कधीकधी खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतात, हे २०२०मध्ये अमेरिकेतल्या रुग्णांच्या अभ्यासातून ठळकपणे पुढे आलं. तो अभ्यास मोठ्या माणसांचा होता, पण म्हणूनच ‘आकडा चांगला आहे ना’ एवढ्यावर विसंबून बाळाच्या चेहऱ्याकडे बघायचं थांबवू नका.

वेळ चुकलेली, वीज गेलेली

परदेशातल्या मावशीने किंवा काकाने पाठवलेला मॉनिटर असेल तर सेटिंगमधला टाइम झोन आधी बघा. न्यूयॉर्कच्या वेळेवर राहिलेल्या अ‍ॅपला आपली रात्री ९ची वेळ उन्हाळ्यात सकाळी ११:३०ची वाटते. बाळाची सगळी रात्र मग ‘दिवसाची डुलकी’ म्हणून नोंदली जाते आणि रात्रीच्या झोपेच्या रकान्यात जवळजवळ काहीच येत नाही. मार्च आणि नोव्हेंबरमध्ये तिकडची घड्याळं बदलली की आलेख आणखी एक तास सरकतो. फोन आणि मॉनिटर दोन्हींचा टाइम झोन भारताचा करा. अ‍ॅडॉप्टरवर १००–२४० व्होल्ट असं छापलं आहे ना, तेही वाचा. फक्त ११० किंवा १२० असेल तर तो आपल्या सॉकेटमध्ये लावू नका.

वीज गेली की राउटर बंद, राउटर बंद की नोंदीला भोक. काही अ‍ॅप हे भोक रिकामं दाखवतात, काही ते ‘बाळ पलंगावर नाही’ असं धरतात. राउटर इन्व्हर्टरवर घ्या किंवा राउटरसाठी मिळणारा छोटा बॅकअप जोडा. यातले बरेच मॉनिटर फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवर चालतात; राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन्ही वायफायना एकच नाव देत असेल तर जोडणी होताना अडचण येते, म्हणून नावं वेगळी ठेवा. पासवर्ड कंपनीचा आयता आला असेल तर तो आजच बदला. बाळाच्या खोलीतला कॅमेरा आहे तो.

सगळं तपासलं, तरी ‘जाग’ दिसतेच

इथे मला जरा थांबावंसं वाटतं, कारण बहुतेक घरांचं खरं उत्तर इथे आहे.

तान्ह्या बाळाच्या झोपेचा जवळपास निम्मा भाग ‘सक्रिय झोप’ असतो. तिच्यात पापण्यांखाली बुबुळं फिरतात, तोंड वेडंवाकडं होतं, बाळ हसतं, कुंथतं, कण्हतं, हातपाय झटकतं, श्वास कधी भरभर कधी सावकाश चालतो. आपल्याकडे झोपेतल्या त्या हसण्याला सटवाई हसवते म्हणतात. म्हणजे झोपेत बाळ हलतं-बोलतं हे घरातल्या बायकांनी केव्हाच टिपलं होतं. विज्ञानालाही हा धागा बाळांकडूनच मिळाला. शिकागोमध्ये यूजीन असेरिन्स्की यांनी सुरुवातीला झोपलेल्या बाळांच्या पापण्या तासन्‌तास न्याहाळल्या, आणि पुढे १९५३मध्ये त्यांनी व नॅथॅनियल क्लाइटमन यांनी डोळ्यांच्या जलद हालचालींच्या झोपेवरचा शोधनिबंध प्रसिद्ध केला.

बाळाचं झोपेचं एक आवर्तन साधारण ५० ते ६० मिनिटांचं असतं, मोठ्यांचं सुमारे ९०. म्हणजे दहा तासांच्या रात्रीत बाळाची दहाएक आवर्तनं होतात, आणि दोन आवर्तनांच्या सांध्यावर ते चुळबुळतं, कधी क्षणभर डोळेही उघडतं. अ‍ॅपमधल्या त्या नऊ लाल पट्ट्यांचा हिशोब इथे लागतो. १९७०च्या दशकात थॉमस अँडर्स यांनी रात्रभर व्हिडिओ चित्रण करून बाळांची झोप पाहिली. आई-वडील ज्यांना ‘रात्रभर झोपतो’ म्हणत, ती बाळंही मधे उठत होती. काही रडून हाक मारत, काही आपली आपण परत झोपी जात, एवढाच फरक. मॉनिटर आज तुम्हाला तेच दाखवतो आहे, फक्त त्याचा अर्थ न सांगता.

यावर उपाय वहीचा. तीन-चार रात्री उशाशी साधी वही ठेवा आणि चारच गोष्टी लिहा: झोपलं कधी, रडून उठलं कधी, परत झोपलं कधी, सकाळी उठलं कधी. मग अ‍ॅपमधल्या जाग आल्याच्या नोंदींशी ते ताडून बघा, आणि कॅमेरा असेल तर त्या वेळचे तुकडे उघडून बाळाचे डोळे पाहा. डोळे मिटलेले आणि हातपाय चालू, तर ती सक्रिय झोप. काही करू नका. डोळे उघडे पण बाळ शांत, तर तीही साधी जाग. मिनिट-दोन मिनिटं थांबा, ते बहुधा स्वतःच परत झोपेल. अशा वेळी गजर ऐकून धावत जाऊन उचललं, तर झोपेतलं बाळ खरोखरच जागं होतं, आणि यंत्राचा खोटा आकडा खरा ठरतो. तुकड्यात बाळ हललेलंच नाही, तर पुन्हा पंखा आणि मच्छरदाणीकडे वळा. वहीत रडण्याची नोंद आहे पण अ‍ॅपमध्ये काहीच नाही, तर वायफाय तपासा.

चौथ्या महिन्याच्या आसपास झोपेची घडणच बदलते, तेव्हा आठ-पंधरा दिवस आकडे खरोखर बिघडतात. पालथं पडायला शिकताना, रांगायला लागताना, दात येताना तेच. हे बिघाड उपकरणाचे नाहीत.

गुण कोणत्या फूटपट्टीने दिला

अनेक अ‍ॅपमध्ये झोपायची वेळ संध्याकाळी सातच्या सुमाराची धरलेली असते. आपल्याकडे बाबा घरी येतात साडेआठला, जेवणं नऊला, बाळ झोपतं साडेनऊ-दहाला. २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या १७ देशांच्या एका पाहणीत, ज्यात भारतही होता, आशियातली बाळं पाश्चात्त्य देशांतल्या बाळांपेक्षा उशिरा झोपतात आणि बहुतेक आई-वडिलांच्याच खोलीत झोपतात असं दिसलं. म्हणून अ‍ॅपमधलं वेळापत्रक बदलून तुमच्या घराचं घाला. बाळ मुदतीपूर्वी जन्मलं असेल तर अपेक्षित तारखेपासूनचं वय धरा, नाहीतर त्याची तुलना मोठ्या बाळांशी होत राहते.

एकूण झोप बघताना दिवसाच्या डुलक्या धरूनच बघा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९मध्ये दिलेली मर्यादा पहिल्या ३ महिन्यांत १४ ते १७ तास आणि ४ ते ११ महिन्यांत १२ ते १६ तास अशी आहे, डुलक्यांसह. पाळण्यातली दोन तासांची झोप अ‍ॅपमध्ये आलीच नाही तर बेरीज कमी दिसणारच. एका रात्रीच्या गुणाकडे मी बघतच नाही. आठवड्याचा कल बघते, तोही बाळ दिवसा टवटवीत आहे का, दूध नीट पितं का, वजन वाढतं का, याच्या जोडीनेच.

गजर आणि डॉक्टर

झोपेचा आलेख आणि जिवाची राखण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आउलेटच्या मोज्याबद्दल अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२१मध्ये कंपनीला इशारापत्र दिलं आणि विक्री तिथे थांबली; नंतरच्या मोज्याला २०२३मध्ये रीतसर परवानगी मिळाली. तरीही झोपेतल्या बाळाच्या अचानक मृत्यूपासून बचावासाठी अशा घरगुती मॉनिटरवर विसंबू नये, असंच अमेरिकन बालरोगतज्ज्ञांची वर उल्लेख केलेली संघटना सांगते. पाठीवर झोपवणं, सपाट कडक गादी, आसपास उशी-खेळणी नसणं आणि घरात धूम्रपान नसणं यांना पर्याय नाही.

लहान बाळाचा श्वास ५ ते १० सेकंद थांबून पुन्हा सुरू होणं पहिल्या काही महिन्यांत सर्रास दिसतं. श्वास २० सेकंदांहून जास्त थांबला, ओठ किंवा जीभ निळी पडली, बाळ लुळं पडलं किंवा नेहमीसारखं उठेना, तर अ‍ॅप उघडत बसू नका. बाळाच्या तळपायाला हलकेच टिचकी मारून त्याला जागं करायचा प्रयत्न करा, गदागदा हलवू नका, आणि १०८ला फोन करा, मॉनिटर काहीही म्हणत असला तरी. रोज घोरणं, झोपेत श्वासासाठी धडपड, डोक्याला खूप घाम, दूध पिताना दमणं, वजन न वाढणं ही लक्षणं असतील तर आलेख हिरवागार असला तरी बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

जाताना अ‍ॅपचे गुण नेऊ नका, त्यातून डॉक्टरांना फारसं काही कळत नाही. तीन-चार रात्रींची वही न्या, आणि ज्या श्वासाने किंवा आवाजाने तुम्हाला घाबरवलं त्याचा मिनिटभराचा व्हिडिओ न्या, दिवा लावून, बाळाची छाती आणि चेहरा दोन्ही दिसतील असा.